आईला सोडून द्यावे

(वाचावयाचा भाग : अनुवाद, अध्याय २२, ओव्या ६ व ७)



मोशेच्या नियमशास्त्रात काही आज्ञा अशा आहेत की, त्यांजवर उपदेश झालेला आमच्या मंडळ्यांत क्वचितच ऐकू येतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात शेजाऱ्याचा हरवलेला बैल त्याला परत नेऊन देण्याविषयी सांगितले आहे, नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याविषयी सांगितले आहे, आणि ह्यांच्या मध्येच पाखराच्या घरट्याविषयी दोन ओव्या येऊन जातात. वाटेने जाणाऱ्याला झाडावर अथवा भुईवर घरटे आढळले व आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेण्याची त्याला मोकळीक आहे. पण आईला धरावयाचे नाही, तिला सोडून द्यावयाचे. आज्ञा इतकीच आहे. परंतु तिच्या शेवटी जे अभिवचन जोडले आहे ते वाचून विचारी मनुष्य थबकतो. आईबापांचा मान राखणाऱ्याला कल्याणाचे व दीर्घायुष्याचे जे अभिवचन दिले आहे, तेच येथे एका पाखराला सोडून देणाऱ्याला दिले आहे.

अंडी घेऊ नको, असे परमेश्वर म्हणत नाही, ही गोष्ट ध्यानात धरावी. ज्याच्या घरी मुले उपाशी आहेत त्याच्या तोंडचा घास काढून घेणारे हे शास्त्र नव्हे. आजचा घास त्याने घ्यावा. मात्र उद्याचा घास जिच्या पोटी आहे तिला घेऊ नये. पेरणीसाठी कणगीत राखलेले बियाणे दुष्काळाच्या वर्षीही शहाणा कुणबी हातचे जाऊ देत नाही. त्याला ह्या ओव्यांचा अर्थ पंडिताने समजावून द्यावा लागत नाही. टिटवी उघड्या रानात ढेकळांच्या आडोशाला अंडी घालते. ती अंडी दृष्टीस पडली म्हणजे तेवढी जागा राखून कुळव वळवून घेणारे शेतकरी आमच्या प्रांतात पुष्कळ आहेत. त्यांपैकी कित्येकांनी अनुवादाचे पुस्तक कधी उघडलेही नसेल.

आता आम्हांस ह्या आज्ञेच्या प्रकाशात एका निराळ्या घरट्याकडे पाहावयाचे आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

कोकणच्या किनाऱ्याला समुद्री कासवांची एक जात येते. तिला ऑलिव्ह रिडले असे नाव आहे. ही कासवे आपल्या नद्यांच्या डोहातील कासवांसारखी नव्हेत. त्यांचे पाय वल्ह्यांसारखे असतात, पाठीची ढाल दोन ते अडीच फूट लांब असते, आणि सारे आयुष्य खोल पाण्यात जाते. मादी मात्र अंडी घालण्यासाठी जमिनीवर येते. कोकणात हा काळ साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. ती रात्री भरतीच्या रेषेच्या वर वाळूत येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद, असा मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते आणि त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. मग वाळू लोटून, अंगाने थापटून, ती जागा सारखी करते व समुद्रात परत जाते. हे सर्व सुमारे तासाभरात उरकते. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसते, आणि ती प्रसूतीच्या वेदनेने रडते असे सांगण्याची चाल आहे. खरे पाहता ते शरीरातील अधिक मीठ बाहेर टाकणारे पाणी होय, असे शोध करणारे सांगतात. आम्हांस त्यांचे म्हणणे पुरेसे वाटते. देवाने केलेली वस्तू मुळातच आश्चर्यकारक असता तिच्या डोळ्यांत उपदेशकाने पदरचे अश्रू घालण्याचे कारण नाही.

ती पुन्हा त्या घरट्याकडे येत नाही. अंडी वाळूच्या उबेने पिकतात. त्यास सुमारे पन्नास दिवस लागतात, थंडी असल्यास काही अधिक. पिलू नर व्हावे की मादी, हेदेखील त्या उबेवरच ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. जिने जन्म दिला तिला आपले एकही पिलू ठाऊक नसते, आणि पिलालाही आई ठाऊक नसते.

येथे कोणी चतुर वाचक विचारील की, मग अनुवादाची आज्ञा ह्या ठिकाणी कशी लागू होते? आई तर आपण होऊनच निघून गेली. तिला कोणी धरले नाही. उरली ती अंडी, आणि अंडी घेण्यास शास्त्राने मोकळीक दिली आहे. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर द्यावे लागेल.

पहिले असे की, पाखराच्या घरट्यातून अंडी नेली तरी आई पुन्हा घरटे बांधते, बसते, चोचीने भरविते, आणि तिच्या पिलांपैकी काही जगतात. कासवाच्या पिलांचे तसे नाही. कुत्री, कोल्हे व रानडुकरे वाळू उकरून अंडी खातात. पिले बाहेर पडली की, खेकडे, कावळे व घारी टपलेल्या असतात. पाण्यात गेल्यावर मासे आहेतच. हजार पिलांमागे एखादेच मोठे होऊन अंडी घालण्याच्या वयाला पोहोचते, असा जाणत्यांचा अंदाज आहे. परमेश्वराने शंभर अंड्यांची रास ठेविली आहे ती उधळेपणाने नव्हे. इतकी दिली तेव्हा कुठे एक उरते.

दुसरे असे की, आईला कोणी धरले नाही, हे म्हणणेच खरे नाही. कासव पाण्यात राहत असले तरी फुफ्फुसाने श्वास घेते, आणि त्यासाठी त्याला वर यावे लागते. मोठ्या यांत्रिक होड्यांच्या ओढजाळ्यात ते सापडले आणि जाळे तासन् तास पाण्याखाली राहिले, तर ते गुदमरून मरते. पूर्वेकडे ओडिशा प्रांतात गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे ह्याच जातीच्या लाखो माद्या एका वेळी अंडी घालण्यास येतात. जगातील अशी ठिकाणे फार थोडी आहेत. त्याच किनाऱ्यावर १९९० नंतरच्या काळात वर्षामागून वर्षे हजारो मेलेली कासवे वाहून आली. त्याच्याही आधी, १९७० च्या सुमारास, तेथून जिवंत कासवे मांसासाठी मोठ्या संख्येने पकडून बाजारात पाठविली जात असत. तेव्हा घडले काय? समुद्रात आई मारली गेली, आणि किनाऱ्यावर तिची अंडी उकरली गेली. आईला पिलांसह घेऊ नये, असे जे नियमशास्त्रात निषिद्ध आहे तेच अक्षरशः झाले. फरक इतकाच की, आई एकाने घेतली व अंडी दुसऱ्याने घेतली, आणि दोघेही परस्परांस न पाहता आपण अर्धेच घेतले असे समजत राहिले.

आमच्या मते ह्या ओव्यांचे खरे शिक्षण येथे आहे. मोशेच्या काळी घरट्यापुढे एक मनुष्य उभा असे. आई व पिले त्या एकाच्याच हाती असत, आणि त्याची निवडही एकच असे. आज तीच निवड शेकडो हातांत वाटली गेली आहे. जाळे ओढणारा वाळूवर काय झाले ते पाहत नाही, वाळू उकरणारा जाळ्यात काय झाले ते पाहत नाही, आणि बाजारात विकत घेणारा तर दोन्ही पाहत नाही. म्हणून प्रत्येकाला आपला हात स्वच्छ वाटतो.

ह्याच्या उलट काय होऊ शकते, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ, वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहास वाचणाऱ्यांस ते ठाऊक असेल. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेची माणसे समुद्री गरुडांची पाहणी करीत किनाऱ्याने फिरत असता त्यांना तेथे कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. अंडी काढून नेण्याची वहिवाट गावोगाव होती, व तीत काही गैर आहे असे कोणास वाटत नव्हते. संस्थेने गावकऱ्यांस समजाविले, आणि गावचीच माणसे राखणदार झाली. आता कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर असे राखणदार आहेत. त्यांना कासवमित्र म्हणतात. पुढे वनखात्यानेही हे काम हाती घेतले.

त्यांचे काम असे : रात्री व पहाटे किनाऱ्याने चालावयाचे, आणि वाळूवर मादीच्या येण्याजाण्याचा माग दिसला की, घरटे शोधावयाचे. मग अंडी हलक्या हाताने काढून, किनाऱ्यावरच जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीचा व त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवावयाची. हे काही तासांच्या आत करावे लागते, आणि अंडे फिरवावयाचे नसते. उशिरा ते उलटेसुलटे झाले तर आतला जीव मरतो. खड्ड्यावर तारखेची पाटी लावतात. दिवस भरत आले की, वर टोपली पालथी घालतात, व पिले बाहेर आली म्हणजे सकाळी किंवा सायंकाळी, ऊन नसताना, त्यांना समुद्राकडे सोडतात.

येथे एक गोष्ट पाहणाऱ्यांस नवल वाटण्यासारखी आहे. पिलू काडेपेटीएवढे असते. त्याला ओंजळीत घेऊन लाटेत ठेविले तर क्षणाचेही काम नाही. तथापि तसे करीत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात, आणि माणसे दोरीच्या मागे उभी राहतात. पिलाला स्वतः चालून जावे लागते. ते पालथे पडते, पावलाच्या ठशात अडकते, लाट त्याला मागे फेकते, व ते पुन्हा निघते. त्या चालण्यातच किनाऱ्याची खूण त्याच्या ठायी उमटते, आणि मादी असल्यास मोठी झाल्यावर ती बहुधा त्याच भागात परत येते, असे मानतात. तिला त्या वयास येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. नर तर त्या एका दिवसानंतर जमिनीवर पाय ठेवीतच नाही.

ज्याने रात्री जागून अंडी राखिली त्याला त्या पिलाचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. हजारात एक उरते हे ठाऊक असूनही तो नऊशे नव्याण्णव सोडतो. आमच्या खेड्यांतील उपदेशक बंधूंना ह्या माणसाचे मन समजावून सांगावयास नको. ज्या मुलांना त्यांनी अक्षरे व प्रार्थना शिकविल्या ती पुणे-मुंबईच्या गर्दीत निघून जातात, आणि वर्षानुवर्षे पत्रही येत नाही.

तरी कधी एखादी बातमी येते. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका मादीच्या पायाला क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. तीच मादी २०२५ च्या आरंभी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्वेचा समुद्र सोडून, लंकेला वळसा घालून, सुमारे ३५०० किलोमीटर प्रवास करून ती आली असावी, असा अंदाज आहे. दोन किनाऱ्यांची कासवे निराळी, असे समजणाऱ्यांस ह्या एका पट्टीने नव्याने विचार करावयास लाविले. गुहागरच्या राखणदाराने जे घरटे राखिले, त्याची आई कोणा दूरच्या माणसाने ओडिशात राखिली होती. भाषा निराळी, गाव निराळे, आणि दोघांची भेट होण्याचा संभव नाही.

आता काही आक्षेप. कोणी म्हणेल, पेत्राला दर्शनात चादर दाखविली गेली व सर्व प्राणी खाण्यास मोकळे झाले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०). मग हा नवा विटाळ कोठून काढिला? विटाळाचा येथे संबंध नाही. त्या दर्शनाचा अर्थ पेत्राने कर्नेल्याच्या घरी सांगितला, आणि तो अन्नाविषयी नव्हता, माणसांविषयी होता. शिवाय खाण्याची परवानगी म्हणजे संपवून टाकण्याची आज्ञा नव्हे. दुसरा कोणी म्हणेल, कासवाला आमचे हिंदू शेजारी विष्णूचा कूर्मावतार मानतात व देवळापुढे दगडाचे कासव बसवितात. ते त्यांनी जपावे, आम्ही ते मागे टाकून आलो. बंधूंनो, आम्ही कासवाची पूजा मागे टाकिली, कासवाच्या निर्माणकर्त्याला नाही. जलप्रलयानंतर देवाने जो करार केला तो नोहाशी व त्याच्या संततीशी केलाच, परंतु त्याबरोबरच प्रत्येक जिवंत प्राण्याशी केला, हे उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात एकदा नव्हे, पुनःपुन्हा सांगितले आहे. ज्यांच्याशी देवाने करार केला त्यांच्याशी आमचे काही देणेघेणे नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? शेजारी भक्तीमुळे हात आवरीत असेल, आणि आम्ही मोकळे झालो म्हणून हात घालीत असू, तर त्याला आमच्या धर्माविषयी काय वाटेल, ह्याचाही विचार व्हावा.

तिसरा आक्षेप गरिबाचा आहे, आणि त्याच्यापुढे आमचा आवाज खाली येतो. मासे मारून पोट भरणाऱ्याच्या जाळ्यात कासव गुंतले तर ते सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे कर्जाने घेतलेले असते. दया करावी तर नुकसान त्याचेच, व उपदेश करणारा मात्र कोरडा. ह्याकरिता महाराष्ट्र सरकारने २०१८ साली केलेली व्यवस्था आमच्या किनाऱ्यावरील वाचकांनी माहीत करून घ्यावी. संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापले, तर पुराव्यादाखल छायाचित्र दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांचा अर्ज मंडळीतील शिकलेल्याने लिहून द्यावा. हीही सेवाच आहे. ओढजाळ्यांसाठी, कासव जाळ्यातून निसटावे म्हणून, लोखंडी गज व वर झडप असलेली चौकटही निघाली आहे. ती लावण्यास होड्यांचे मालक नाखूष असतात, कारण काही मासेही निसटतात. ह्या बाबतीत मालकांची तक्रार आम्हांस तांडेलाच्या व खलाशांच्या तक्रारीइतकी खरी वाटत नाही.

वेळासला २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात, आणि घरोघरी चार पैसे मिळतात. हे ऐकून काही भाविक नाक मुरडतात. म्हणतात, पैशासाठी केलेली दया ती काय दया? आम्हांस हे म्हणणे पटत नाही. घरट्याच्या आज्ञेत खुद्द परमेश्वरानेच दयेला कल्याणाची जोड दिली आहे. त्याला त्याचा संकोच वाटला नाही, तर आम्हांस का वाटावा? भय आहे ते निराळेच. पाहणाऱ्यांच्या पायांखाली न सापडलेली घरटी तुडविली जाऊ लागली, किंवा छायाचित्रासाठी पिलांना थोपवून धरण्यात येऊ लागले, तर राखणारेच खाणारे झाले असे म्हणावे लागेल.

किनाऱ्यावरील मंडळ्यांस एक विशेष विनंती आहे. पिले अंधारात बाहेर पडतात तेव्हा जिकडे उजळ दिसते तिकडे जातात. जेथे माणसाची वस्ती नाही तेथे समुद्राकडील क्षितिजच उजळ असते. वाळूवर किंवा लगतच्या माडांच्या आगरात दिवे असतील, तर ती उलट्या दिशेला चालू लागतात, व सकाळी उन्हात वाळून मरतात. मादीही दिवे पाहून वर येण्याचे टाळते. नाताळचे दिवस नेमके अंडी घालण्याच्या हंगामात येतात. तेव्हा त्या दिवसांतील मेळावे व दिव्यांच्या माळा समुद्राकाठी नसाव्या, प्रार्थनागृहाच्या अंगणात असाव्या. किनाऱ्यावर जाणे झालेच तर विजेरी पेटवू नये. घरची कुत्री ह्या चार-पाच महिन्यांत रात्री बांधून ठेवावी. अंड्यांचा नाश करणाऱ्यांत ती पहिली आहेत. घरटे दिसले तर स्वतः उकरू नये. वनरक्षकास अथवा गावच्या कासवमित्रास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या जातीला पहिल्या अनुसूचीत ठेविले आहे, आणि तिची अंडी काढणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

घाटावरील वाचकांनी आपण सुटलो असे समजू नये. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले लहान कासव घरात किंवा हौदात ठेविले असता पैका येतो, अशी एक समजूत आहे, व त्यापायी ते मुके प्राणी चोरून विकले जातात. तेही त्याच कायद्याखाली येते. पैक्यासाठी कासवावर भरवसा ठेवणारे घर आमच्या मंडळ्यांत कोठे असेल असे आम्हांस वाटत नाही; पण असल्यास त्या घरच्यांनी ते वनखात्याच्या कचेरीत नेऊन द्यावे, आणि उपदेशकाने त्यांच्याबरोबर जावे, म्हणजे त्यांना भीती वाटणार नाही.

उपदेशक बंधूंस एवढेच सुचवितो की, येत्या शब्बाथशाळेत अनुवादाचा हा अध्याय मोठ्याने वाचवून घ्यावा, व मुलांना आधी समुद्राविषयी न सांगता विचारावे की, आपल्या शिवारात ह्या वर्षी टिटवी कोणाच्या रानात बसली आहे. उत्तर देणारी मुले पुष्कळ निघतील.